पचमढीची सहल : पॉईंट कमी, मुले जास्त

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मधल्या सुट्टीत एकच विषय निघतो: यंदा सहल कुठे? यंदा आठवी-नववीच्या सहलीसाठी पचमढीचे नाव पुढे आले आहे. निवड चांगली आहे. सातपुड्यातले हे थंड हवेचे ठिकाण आपल्याच राज्यात आहे. तिथे लेणी आहेत, दऱ्या आहेत, धबधबे आहेत, महादेवाची स्थाने आहेत आणि वाटेवर गरम पाण्याचे झरेही आहेत. ठिकाणाबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे सहलीच्या आखणीबद्दल आहे आणि विश्वस्त मंडळाची बैठक होण्यापूर्वीच ते सर्वांसमोर यावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

शाळेची सहल ठरली की दोन याद्या तयार होतात. एक पाहायच्या ठिकाणांची आणि दुसरी येणाऱ्या मुलांची. पहिली यादी वाढत जाते. कोणीतरी म्हणतो, एवढ्या लांब चाललो आहोत तर धूपगड हवाच. दुसरा म्हणतो, रजत प्रपात राहून गेला. तिसरा रीछगडाची आठवण करून देतो. दुसरी यादी मात्र फीचा आकडा फळ्यावर लिहिला की आखडते. या दोन याद्यांचा एकमेकींशी सरळ संबंध आहे. ठिकाणांची यादी कापली तर मुलांची यादी वाढेल, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

खर्च कुठे होतो?

आधी हिशेब पाहू. लामत्याहून पचमढीला जायला बस करावी लागते. त्या बसमध्ये चाळीस मुले बसली काय किंवा पन्नास बसली काय, तिचे भाडे तेवढेच असते. उलट मुले वाढली की दरडोई भाडे कमी होते. जेवण आणि मुक्काम यांचा खर्च मुलांच्या संख्येप्रमाणे होतो, त्यात फारशी काटछाट करता येत नाही.

तिसरा खर्च पचमढीत पोहोचल्यावर सुरू होतो. तिथली बरीच ठिकाणे जंगलात आहेत. त्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर आपली बस उपयोगाची नाही. गावातली जिप्सी भाड्याने घ्यावी लागते आणि वनविभागाचे शुल्कही भरावे लागते. एका जिप्सीत सहा मुले धरली तर पन्नास मुलांना नऊ जिप्सी लागतात, शिक्षकांची जागा वेगळीच. दोन दिवस फिरायचे म्हटले की अठरा भाडी झाली. हा खर्च मुलांबरोबर वाढतो आणि पॉईंटांबरोबरही वाढतो. सहलीच्या सगळ्या खर्चात आपल्या हातात असलेला भाग हाच आहे.

आता मागे राहणाऱ्या मुलांविषयी. पैसे नाहीत म्हणून येत नाही, असे कोणतेही मूल वर्गात उभे राहून सांगत नाही. ते म्हणते, मला गाडी लागते. मामाच्या घरी लग्न आहे. घरी धानाचे काम आहे. एखादी मुलगी म्हणते, आई नाही म्हणते. यातली काही कारणे खरी असतात. पण एकाच वर्गात दहा-बारा मुलांना एकदम गाडी लागू लागली, तर शिक्षकांनी आणि विश्वस्तांनी त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. पचमढीला डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते. अंगात घालायला चांगला स्वेटर नाही, एवढ्या कारणानेही मूल घरी राहू शकते.

सहलीहून परत आल्यावर आठवडाभर वर्गात सहलीच्याच गोष्टी चालतात. निबंधाला विषयही सहलीचाच येतो. न गेलेल्या मुलाने त्या तासाला काय लिहावे? शाळा सर्वांची आहे म्हणायचे आणि वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस थोड्यांचाच ठेवायचा, हे आम्हांला पटत नाही.

सहल रस्त्यावरच सुरू होते

ठिकाणे कमी केली तर मुलांच्या पदरात काय पडणार, असा प्रश्न पालक विचारतील. आमचे उत्तर असे की पुष्कळ पडेल, फक्त आधी तयारी करून न्यायला हवे.

लामत्याहून सिवनी, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता धरला तर पूर्ण दिवस प्रवासात जातो. बहुतेक सहलींत हा दिवस गाण्यांच्या भेंड्या आणि झोप यांत संपतो. भेंड्या जरूर खेळाव्यात. पण त्याच रस्त्यावर भूगोलाचा एक मोठा धडा आहे. आपली वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते. पुढे पेंच आणि कन्हान यांचे पाणी घेऊन, वर्धेला भेटून ती प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. छिंदवाडा सोडून तामियाच्या घाटाकडे निघालो की पाणी दोन दिशांना वाटले जाते. दक्षिणेकडचे पाणी कन्हानेत, म्हणजे शेवटी आपल्या वैनगंगेत येते. उत्तरेकडचे पाणी दूधी, देनवा, तवा या नद्यांतून नर्मदेत आणि तिथून अरबी समुद्रात जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे नकाशावर शिकवताना मुलांना कळत नाही. घाटात बस थांबवून दोन्ही बाजू दाखवल्या तर जन्मभर लक्षात राहील. याला तिकीट लागत नाही.

तामियाजवळच पाताळकोटची दरी आहे. वरून पाहिले की खाली दरीत शेते आणि घरे दिसतात. तिथे भारिया समाजाची वस्ती आहे. मध्य प्रदेशात ज्या तीन जमातींना विशेष मागास जमाती म्हणून गणले जाते, त्या बैगा, भारिया आणि सहरिया. बैगा आपल्या बैहर भागातले, म्हणजे आपले शेजारी. तेव्हा पाताळकोट पाहताना मुलांनी काहीतरी विचित्र पाहिल्यासारखे पाहू नये. बैहरच्या बाजारात भेटणाऱ्या माणसांचीच आठवण ठेवून पाहावे.

मटकुलीच्या अलीकडे झिरपा गावाजवळ अनहोनी आहे. इथे जमिनीतून गंधकाच्या वासाचे गरम पाणी येते आणि पुढे त्याचा ओढा होतो. त्वचेच्या विकारांवर हे पाणी गुणकारी आहे अशी आसपासच्या लोकांची श्रद्धा आहे. कोकणाकडच्या वज्रेश्वरीला जसे लोक गरम कुंडात अंग शेकायला जातात, तसेच हे आपल्या बाजूचे ठिकाण. इथे अर्धा तास थांबावे आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी पाणी गरम का होते ते सांगावे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. जसजसे खाली जावे तसतशी जमीन तापलेली असते. तिथे हे पाणी तापते, वाटेतले क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. त्यासाठी जवळ ज्वालामुखी असावा लागत नाही. पाणी फार गरम असते, म्हणून मुलांनी शिक्षकांना विचारल्याशिवाय हात घालू नये.

एक दिवस पायी

पचमढी हे साधारण १०६७ मीटर उंचीवरचे लहानसे गाव आहे. ते नर्मदापुरम जिल्ह्यात येते. २०२२ पूर्वी या जिल्ह्याचे नाव होशंगाबाद होते. गावातली आणि गावालगतची बरीच ठिकाणे चालत जाण्यासारखी आहेत. पांडव लेणी, जटाशंकर, बायसन लॉज आणि क्राईस्ट चर्च एवढी चार ठिकाणे एका दिवसात पायी पाहता येतात. एकाही जिप्सीची गरज पडत नाही. आठवी-नववीच्या मुलांना पाच-सहा किलोमीटर चालणे जड नाही. आपल्यातली कितीतरी मुले रोज शाळेत येताना-जाताना त्याहून जास्त चालतात. सहलीत निदान एक दिवस असा असावा की ही मुले सर्वांच्या पुढे असतील.

पांडव लेण्यांविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पांडव वनवासात इथे राहिले, त्यांच्या पाच मढ्या म्हणून गावाचे नाव पचमढी, ही लोकांची गोष्ट. या गुंफा बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात, हे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचे म्हणणे. दोन्ही मुलांना सांगाव्यात आणि गुंफांची रचना पाहून त्यांना काय वाटते ते विचारावे. इतिहास असाच शिकायचा असतो.

तिथला खडकही पाहण्यासारखा आहे. हा वालुकाश्म आहे. नद्यांनी आणलेली वाळू थरावर थर साचून वीस कोटी वर्षांपेक्षाही आधी तो तयार झाला. म्हणूनच तो कोरता येतो आणि म्हणूनच पाण्याने त्यात इतक्या खोल दऱ्या पाडल्या. या जातीच्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात गोंडवाना हे नाव दिले. पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका मिळून जो एक प्राचीन भूखंड होता, त्यालाही जगभर गोंडवाना म्हणू लागले. ज्या गोंड समाजाची मुले आपल्या वर्गात बाकावर शेजारी बसतात, त्यांच्या मुलखाचे नाव जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आहे. हे वाक्य त्या खडकावर हात ठेवून ऐकले तर त्या मुलांना आणि त्यांच्या मित्रांनाही वेगळेच वाटेल.

बायसन लॉज ही पचमढीतली जुनी इमारत. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती १८६२ साली बांधली. त्याचे मध्य भारताच्या डोंगरांवरचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. फोर्सिथने पचमढीचा शोध लावला, असे गाईड सांगतात. इथे आपल्या मुलांनी एक प्रश्न विचारावा: त्याच्या आधी इथे कोण राहत होते? कोरकू आणि गोंड लोक इथलेच. महादेवाच्या दर्शनाला लोक त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. आणि त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले याच डोंगरात आले होते.

ही गोष्ट मराठी शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवी. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेबांचा पराभव झाला आणि पुढे इंग्रजांनी त्यांना कैद केले. १८१८ साली त्यांना उत्तरेकडे नेत असताना ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. १८१९ मध्ये ते तिथून असीरगडाकडे गेले. त्यांचा शेवट १८४० साली जोधपूरला झाला. नागपूरच्या राजाला राज्य गेल्यावर आसरा मिळाला तो गोंडांच्या घरी. बालाघाटचा मराठी माणूस आणि इथला गोंड माणूस यांच्या नात्याविषयी याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात आहे?

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५८ च्या ऑक्टोबरात, तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले. त्या काळात इंग्रजांशी लढलेले इथले राजा भभूतसिंह यांचे नाव पचमढी अभयारण्याला देण्याचे मध्य प्रदेश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. गावात हे नाव दिसले की मुलांनी थांबून विचारावे.

पुढे मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि पचमढी ही उन्हाळी राजधानी. १८६७ मध्ये झालेला आपला बालाघाट जिल्हाही त्याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. आपण मराठी बोलणारे असून भोपाळच्या राज्यात का, हा प्रश्न मुले अधूनमधून विचारतात. त्याचे उत्तर सांगायला पचमढीइतकी चांगली जागा नाही.

एक दिवस एकाच रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी जिप्सी कराव्यात, पण एकाच रस्त्यासाठी. हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉईंट, महादेव आणि गुप्त महादेव ही चारही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत. महादेवापासून चौरागडाची पायवाट सुरू होते. ज्यांना चढता येईल त्यांनी चौरागड चढावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी शिक्षकांबरोबर महादेवाच्या गुंफेपाशी थांबावे. त्यात कमीपणा नाही.

चौरागड साधारण १३०० मीटर उंच आहे आणि वरच्या टप्प्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माथ्यावर शंकराचे देऊळ आहे आणि त्याच्याभोवती हजारो त्रिशूळ उभे आहेत. नवस फेडायला लोक हे त्रिशूळ खांद्यावर वाहून आणतात. काही त्रिशूळ तर एकट्या माणसाला उचलणार नाहीत इतके जड असतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि तिला विदर्भातून फार माणसे येतात. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा होते. ती वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि वर्षातले थोडेच दिवस उघडी असते. त्या दिवसांत पचमढीच्या रस्त्यांवर मराठी सर्रास ऐकू येते. आपल्या घरातल्या आजी-आजोबांपैकी कोणी महादेवाला जाऊन आले असेल. मुलांनी सहलीला निघण्यापूर्वी त्यांना विचारून, त्यांनी काय पाहिले, कसे गेले, काय खाल्ले ते वहीत लिहून घ्यावे. मग चौरागडाच्या पायऱ्या चढताना त्यांना त्या अनोळखी वाटणार नाहीत.

आक्षेप आणि उत्तरे

सर्वांत मोठा आक्षेप धूपगडाचा येईल. धूपगड हे सातपुड्याचे आणि मध्य प्रदेशाचे सर्वांत उंच शिखर, साधारण १३५० मीटर. पचमढीला जाऊन धूपगड पाहिला नाही, हे लोकांना पटणार नाही. पण धूपगडाचा रस्ता वेगळा आहे, त्यासाठी जिप्सींची आणखी एक फेरी लागते आणि सूर्यास्तासाठी सगळे पचमढी एकाच वेळी तिथे धावते. प्रियदर्शिनी पॉईंटवर उभे राहिले की चौरागड, महादेव आणि धूपगड हे तिन्ही डोंगर समोर दिसतात. शिखर पाहायचे तर ते असे समोरूनच चांगले दिसते. तिथे शिक्षकांनी बोट दाखवून सांगावे: तो धूपगड. पुढे मोठे झाल्यावर मुले आपल्या पायांनी तिथे जातील. राहिलेले एक ठिकाण पुन्हा येण्याचे निमित्त होते.

दुसरा आक्षेप असा की गरीब मुलांची फी संस्थेने भरावी आणि पॉईंट तसेच ठेवावेत. हेतू चांगला आहे, पण त्यात एक अडचण आहे. मग फी माफ झालेल्यांची तिसरी यादी तयार होते आणि ती कितीही गुप्त ठेवली तरी मुलांना कळते. स्वाभिमानी पालक अर्जच करत नाहीत. त्यापेक्षा सर्वांचीच फी कमी व्हावी हे बरे. तरीही काही घरांना ती जड जाईल. तिथे संस्थेने बसच्या भाड्याचा वाटा एकरकमी उचलावा, म्हणजे मदत सर्वांना सारखी होईल आणि कोणाचे नाव पुढे येणार नाही.

तिसरा आक्षेप खुद्द मुलांचा असेल. आम्हांला मजा करायची आहे, धडे शिकायचे नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पण दिवसात नऊ पॉईंट केले तर प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे मिळतात. त्यातली दहा जिप्सीतून उतरण्यात आणि शिट्टी वाजल्यावर परत धावण्यात जातात. उरलेल्या वेळात फोटो काढता येतो, बाकी काही होत नाही. चार ठिकाणे असली तर झाडाखाली बसून तिखट-मिठाच्या पुऱ्या खाता येतात, माकडांपासून त्या वाचवता येतात, दरीच्या कठड्याआडून हाक मारून आवाज परत येतो का ते ऐकता येते. मजेला वेळ लागतो आणि आम्ही तुमच्यासाठी तोच मागत आहोत.

धबधब्यांविषयीही थोडे. रजत प्रपात, अप्सरा विहार आणि डचेस फॉल ही नावे यादीत नेहमी असतात. ठिकाणे सुंदर आहेत. पण शेवाळलेल्या दगडांवर पन्नास मुले सांभाळणे हे चार शिक्षकांचे काम नव्हे. जमुना प्रपात म्हणजे बी फॉल पाहायचाच असेल तर वरून पाहावा, पाण्यात उतरू नये. सुरक्षितता हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे की पचमढी गावाला पिण्याचे पाणी याच प्रवाहातून मिळते. आपल्या गावातल्या विहिरीत बाहेरगावच्या पन्नास मुलांनी अंघोळ केली तर आपल्याला चालेल काय? पाहुण्याने घरातल्या पाण्याची काळजी घ्यावी. हाच नियम प्लास्टिकच्या पिशव्यांना आणि बाटल्यांनाही लागू आहे. पचमढीचा परिसर १९९९ मध्ये जैवावरण क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. जे पाहायला जगभरातून माणसे येतात, तिथे लामत्याच्या मराठी शाळेचा कचरा राहू नये.

लहान वर्गांचे काय?

पहिली ते सातवीच्या मुलांना पचमढीचा प्रवास झेपणार नाही. त्यांच्यासाठी दूर जायची गरजही नाही. वैनगंगेवरचा ढुटी बंधारा आपल्या अगदी जवळ आहे. इंग्रजांच्या काळात तो बांधला गेला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली आणि जिल्ह्यातल्या धानाच्या शेतीला त्याच्या कालव्याचे पाणी अजून मिळते. ज्या पाण्यावर आपल्या ताटातला भात पिकतो, ते पाणी कुठे अडवले जाते हे प्रत्येक मुलाने पाचवीपर्यंत पाहिलेले असावे. गांगुलपारा आहे, हट्ट्याची बावडी आहे. शिदोरी घेऊन सकाळी जावे आणि संध्याकाळी परत यावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे आपले होऊ नये. आधी जवळचे पाहिलेले मूल पचमढीला गेले की त्याला तुलना करता येते. वैनगंगा पाहिलेली असेल तर तामियाच्या घाटातले दोन दिशांचे पाणी त्याला समजते.

आमची मागणी

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी साधी आहे. फी ठरवण्यापूर्वी ठिकाणांची यादी ठरू नये. आधी आठवी-नववीचा पूर्ण पट समोर ठेवावा, सर्व मुले येतील असे धरून फी काय असावी ते ठरवावे आणि मग त्या पैशात जेवढी ठिकाणे बसतील तेवढीच घ्यावीत. फी एकदम न घेता तीन हप्त्यांत घ्यावी. पहिला हप्ता धान विकल्यावर यावा, कापणीच्या आधी नको. कोणी भरले आणि कोणी नाही, हे वर्गात वाचून दाखवू नये.

शिक्षकांना विनंती अशी की मुलींच्या घरी एकदा जाऊन यावे. मुक्काम कुठे आहे, सोबत कोण शिक्षिका आहेत, घरी फोन कधी येईल, एवढे नीट सांगितले तर पुष्कळ आया तयार होतील. सूचनेच्या कागदावर सही मागून ते काम होत नाही.

पालकांना विनंती अशी की घरात लहान झालेले स्वेटर, मफलर, कानटोप्या धुऊन शाळेत आणून द्याव्यात. त्या एका पेटीत ठेवाव्यात आणि सहलीला निघताना ज्याला हवे त्याने घ्यावे. कोणी काय घेतले याची नोंद ठेवू नये. आणि सहलीहून परत आलेल्या मुलाला, किती पॉईंट पाहिले, असे विचारू नये. काय पाहिले ते सांग, असे विचारावे. उत्तर लांबले तर सहल चांगली झाली असे समजावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक काम आहे. तुमच्या बाकावरचा मित्र किंवा मैत्रीण येत नाही म्हणाली तर कारण विचारून तिला अडचणीत टाकू नका. तिचे नाव यादीत राहील असे काय करता येईल ते वर्गशिक्षकांना हळूच सांगा.

पुढच्या पालकसभेत हा विषय निघावा अशी आमची इच्छा आहे. आमचे म्हणणे कोणाला पटले नाही तर त्यांनी तिथे जरूर बोलावे, त्यावर चर्चा व्हावी. चौरागडाचा दिवस वगळून धूपगड घ्यावा असे बहुमत झाले तरी आम्हांला चालेल. कोणता डोंगर पाहायचा हा आमच्या आग्रहाचा विषय नाही. बस लामत्याहून सुटेल तेव्हा वर्गशिक्षकांनी हजेरीचा पट घेऊन नावे वाचावीत आणि पटावरच्या प्रत्येक नावाला बसमधून 'हजर' असे उत्तर यावे, एवढाच आमचा आग्रह आहे.